रंगीत नेब्युलाच्या फोटोत तारे नेमके कुठे बनतायत ते कसं शोधायचं

लाल-गुलाबी ढग, मधे निळसर चमक, कडेला काळे धुराचे लोट, असा नेब्युलाचा, म्हणजे अवकाशातल्या गॅस-धुळीच्या ढगाचा, फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी वॉलपेपर म्हणून येऊन गेलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं की इथं तारे जन्माला येतात. आता कुठे ते बोट ठेवून दाखवा म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात झगझगीत भागावर बोट ठेवतात. मीपण ठेवायचो. माझ्या भिंतीवर मृग नक्षत्रातल्या नेब्युलाचं मोठं पोस्टर होतं आणि घरी येईल त्याला त्यातला पांढराफेक भाग दाखवून 'हे बघा, इथं तारे बनतायत' असं मी ठोकून द्यायचो. मग एकदा त्याच जागेचा इन्फ्रारेड फोटो (डोळ्याला न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या लांब लहरींतला) शेजारी उघडून बघितला आणि कळलं की बोट चुकतंय, जेमतेम बोटभरच चुकतंय, पण चुकतंय.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, ते इथं शब्दशः लागू पडतं. चमकणारा भाग म्हणजे आधीच बनून झालेल्या ताऱ्यांनी पेटवलेला गॅस. नवीन तारे बनतायत ते त्या उजेडाच्या कडेला नाहीतर मागे, काळोखात. तो काळोख कसा वाचायचा ते सांगतो, यासाठी दुर्बीण वगैरे काही लागत नाही, एक मोठा फोटो, जमलं तर त्याच जागेचा इन्फ्रारेड फोटो, आणि तासभर निवांत वेळ, बस.

आधी फोटो बरोबर निवडा, कारण इथंच निम्मे लोक फसतात. रंगीत चमकणारा प्रत्येक ढग तारे बनवणारा नसतो. वीणा तारकासमूहातला रिंग नेब्युला, एम ५७ (एम किंवा एनजीसी आणि पुढे आकडा म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतला नंबर), हा एका मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला कोष आहे, आणि वृषभेतला क्रॅब नेब्युला म्हणजे १०५४ साली स्फोट होताना दिसलेल्या ताऱ्याचा चोथा. दोन्हीकडे गॅस चमकतोय, दोन्ही दिसायला झकास, पण तिथं जन्म नाही, अंत्ययात्रा चाललीय. ओळखायची सोपी खूण म्हणजे आकार: छान गोल, सममित, मधे एकुलता एक बारीक तारा असं असेल तर सोडून द्या. आपल्याला हवा तो ढग अस्ताव्यस्त असतो, त्यात काळ्या पट्ट्या घुसलेल्या असतात आणि आत एक तारा नाही, ताऱ्यांचा घोळका असतो. सरावाला मृगातला एम ४२, 'निर्मितीचे स्तंभ' ज्यात आहेत तो ईगल नेब्युला म्हणजे एम १६, ट्रिफिड म्हणजे एम २०, आणि रोझेट, हे चार घ्या. ट्रिफिड तर अगदी पाठ्यपुस्तकासारखा आहे, लाल चमकणारा गॅस, निळा परावर्तित प्रकाश आणि काळी धूळ, तिन्ही एकाच फ्रेममधे.

फोटो छोटा असेल तर वेळ घालवू नका, फॉरवर्ड होऊन होऊन चुरगळलेल्या फोटोत जे बघायचंय ते सगळं चेपून गेलेलं असतं. अंतराळ संस्थांच्या साइटवर मूळ मोठ्या फाइल फुकट मिळतात, त्यातली सगळ्यात मोठी घ्या, डाउनलोड व्हायला वेळ लागला तरी चालेल.

आता रंग. रंग बघण्याआधी फोटोखालची माहिती वाचा, हे मी हात जोडून सांगतो, कारण रंगांचा अर्थ प्रत्येक फोटोत वेगळा असतो. साध्या रंगीत फोटोत नेब्युला लाल-गुलाबी दिसतो तो हायड्रोजनमुळे. काय होतं की तापलेला तारा अतिनील प्रकाश फेकतो, त्यातला ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, हायड्रोजनच्या अणूला लागला की त्याचा इलेक्ट्रॉन उडून जातो, मग कधीतरी तो परत एखाद्या प्रोटॉनला येऊन चिकटतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो. नेब्युलाचा तो सगळा लाल रंग म्हणजे हीच एक उडी, अब्जावधी अब्ज वेळा.

पण हबल अवकाश दुर्बिणीचे प्रसिद्ध फोटो बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीने रंगवलेले असतात, त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवतात. असं करण्यामागे फसवणूक नाही, कारण गंधकाचा प्रकाश आणि हायड्रोजनचा प्रकाश दोन्ही खरे तर लालच आहेत, दोघांनाही लालच ठेवलं तर वेगळं काहीच कळणार नाही. म्हणून स्तंभांच्या त्या फोटोत मागचं आभाळ निळं-हिरवं आहे आणि खांब तपकिरी. हे माहीत नसलं की माणूस 'हिरवा भाग वेगळ्या गॅसचा' वगैरे बोलत बसतो. तर कागदावर तीन ओळी लिहा: हायड्रोजन कुठला रंग, ऑक्सिजन कुठला, धूळ कुठली. मग पुढे जा.

ऑक्सिजनवरून आठवलं, त्याची एक गंमत आहे. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका नेब्युलाचा वर्णपट बघितला तर त्यात हिरव्या भागात अशा रेषा सापडल्या ज्या पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवीन मूलद्रव्यच कल्पून टाकलं. ते भूत उतरायला १९२७ उजाडावं लागलं, आयरा बोवेनने दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला साधा ऑक्सिजनच आहे, फक्त गॅस इतका विरळ आहे की पृथ्वीवर सहसा न दिसणारा प्रकाश तो तिथं निवांतपणे सोडू शकतो. विरळ म्हणजे किती, तर या चमकत्या गॅसमधे एका घन सेंटीमीटरला शे-पाचशे ते काही हजार कण, आणि आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं एवढे रेणू. फोटोत घट्ट ढग दिसतो तो केवळ जाडीमुळे, प्रकाशवर्षांच्या जाडीमुळे.

रंग कळले की पुढचं काम, दिवा शोधा. एवढा गॅस पेटवायला साधा तारा पुरत नाही, सूर्याला तर ते जमणारच नाही, त्याचा अतिनील प्रकाश तेवढा नाहीच. लागतात ते ओ आणि बी वर्गातले भारी, निळे-पांढरे, प्रचंड तापलेले तारे. एम ४२ च्या पोटात ट्रॅपिझियम नावाचे चार ताऱ्यांचं झुपकं आहे, त्यातला सगळ्यात तेजस्वी, थीटा-१ ओरायनिस सी, याचा पृष्ठभाग जवळपास ३९,००० केल्विनवर आहे, सूर्याचा ५,८०० च्या आसपास, आणि एम ४२ चा बहुतेक सगळा झगमगाट हा एकटा चालवतो.

दिवा डायरेक्ट दिसत नसेल तर उलट्या बाजूने शोधायचं. फोटोवर पातळ कागद ठेवा (किंवा मोबाइलवर फोटो एडिटरमधे रेघा मारा) आणि ज्या ज्या काळ्या आकाराला एका बाजूने चमकती किनार आहे, ती किनार ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे एकेक बाण काढा. दहा-बारा बाण झाले की बहुतेक सगळे एकाच जागेकडे वळलेले दिसतील. तिथं दिवा. एम १६ च्या खांबांवर हे करून बघा, खांबांची टोकं सगळी एकाच बाजूला रोखलेली, आणि तिकडचा तारकागुच्छ, एनजीसी ६६११, त्या प्रसिद्ध फोटोच्या चौकटीतच नाही, बाहेर आहे! पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी मोठा फोटो उघडून खात्री केली आणि बाण जिथं गेले होते तिथं खरंच निळ्या ताऱ्यांचा घोळका. रोझेटमधे याच्या उलट, दिवा बरोब्बर मधे आणि त्याने आजूबाजूचा गॅस ढकलून मधे भोकच पाडलंय.

आता खरी जागा. उजेडावरून नजर काढा आणि काळ्याकडे न्या.

काळं का, तर तारा बनायला थंडी लागते. गॅसचा ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळला पाहिजे, पण गॅस गरम असेल तर त्याचा दाब त्याला बाहेर ढकलत राहतो. फोटोत चमकणारा गॅस दहा हजार केल्विनच्या आसपास आहे, तो कोसळत तर नाहीच, उलट पसरतोय. काळ्या धुळीच्या आतला गॅस १० ते २० केल्विन, म्हणजे उणे अडीचशे सेल्सिअसच्याही खाली. तिथं हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू होऊन बसलेले, धुळीने बाहेरचा उजेड अडवलेला. गुरुत्वाकर्षण आणि दाबाचा हा हिशोब जेम्स जीन्सने १९०२ साली मांडला: ढग जितका थंड आणि दाट, तितकं कमी वस्तुमान कोसळायला पुरतं. बाकी सगळं तपशील आहे (आणि तपशिलात चुंबकीय क्षेत्र, खळबळ, फिरणं असं बरंच झंझट आहे, त्यावर लोक अजून भांडतायत). पण एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की फोटो आपोआप वाचता येतो.

काळ्यात काय काय शोधायचं? एक, सुटे काळे ठिपके, गोलसर, चमकत्या पडद्यासमोर शाई सांडल्यासारखे. यांना बॉक ग्लोब्यूल म्हणतात, बार्ट बॉकने १९४७ साली म्हटलं होतं की हे ताऱ्यांचे कोष असावेत, आणि पुढे इन्फ्रारेडमधे बघितल्यावर कित्येकांच्या आत खरंच बनणारे तारे निघाले. दोन, खांब आणि सोंडा. टोकाला दाट गाठ असते, ती मागच्या गॅसवर छत्रीसारखी सावली धरते, बाजूचा गॅस दिव्याच्या उजेडाने उडून जातो आणि सावलीतला तेवढा शिल्लक राहतो, म्हणून खांब. तीन, लांब काळ्या पट्ट्या. या बऱ्याचदा मोठ्या रेणूमेघाचा, म्हणजे अशाच थंड काळ्या ढगाचा, पुढे आलेला भाग असतात आणि नवशिक्याला त्यात काही दिसत नाही, पण इन्फ्रारेडमधे भरपूर माल तिथंच निघतो.

मात्र काळं दिसलं की लगेच तारा बनतोय म्हणू नका. मृगातच एनजीसी १९९९ नावाचा छोटा नेब्युला आहे, त्यातला काळा डाग सगळ्यांनी ग्लोब्यूल धरला होता, २०१० मधे हर्शेल अवकाश दुर्बिणीने इन्फ्रारेडमधे बघितलं तर तिथं थंड धूळ चमकायला हवी होती ती नाहीच, ते खरंच रिकामं भोक निघालं. आणि एम १६ च्या खांबांच्या टोकाशी जे बारीक फुगवटे आहेत त्यातले ७३ इन्फ्रारेडमधे तपासले तेव्हा तरुण ताऱ्याच्या खुणा सापडल्या त्या ११ मधे. म्हणजे 'प्रत्येक बोटाच्या टोकाला एक तारा' हे जे पसरलंय ते जरा जास्तच.

मग पक्का पुरावा कुठला? माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पिचकारी. बनणारा तारा स्वतःभोवती फिरणाऱ्या चकतीतून गॅस गिळतो आणि त्यातला थोडा दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर फेकतो. ही धार आजूबाजूच्या गॅसवर आदळली की तिथं चमकते गोळे तयार होतात, त्यांना हर्बिग-हारो म्हणतात. फोटोत शोधायचं ते असं: खांबाच्या टोकातून विरुद्ध दिशांना निघालेल्या दोन बारीक सरळ रेघा, शेवटाला कमानीसारखा गोळा. कॅरिना नेब्युलाच्या एका डोंगरासारख्या खांबाचा हबलने २०१० मधे दिलेला फोटो घ्या, त्याच्या अगदी शेंड्यावर अशी धार आहे, हर्बिग-हारो ९०१. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल असा ठेवला तर ती केसासारखी दिसते, म्हणून शेंड्यावर झूम करा. तारा स्वतः दिसत नाही, तो धुळीत पुरलेला आहे, पण धार सांगते की आत कोणीतरी आहे.

दुसरी खूण एम ४२ मधेच बघा, ट्रॅपिझियमच्या आसपास. हबलच्या मोठ्या फोटोत बारीक थेंबासारखे आकार दिसतात, डोकं दिव्याकडे आणि शेपूट लांब. हे नुकते बनलेले तारे आणि त्यांच्याभोवतीच्या चकत्या, पुढे ग्रह बनतील असा कच्चा माल. थीटा-१ सी च्या उजेडाने चकतीचा गॅस उडतोय म्हणून शेपूट. काही ठिकाणी नुसती काळी लंबगोल चकती मागच्या उजेडावर उमटलेली दिसते, मधे तांबूस ठिपका. हबलला असे जवळजवळ १८० सापडलेत. एक सापडेपर्यंत डोळे दुखतात, पहिला सापडला की पुढचे आपोआप दिसायला लागतात.

आता इन्फ्रारेडची जोड द्या, ही पायरी चुकवू नका. धुळीचे कण इतके बारीक असतात की दिसणारा प्रकाश ते अडवतात पण लांब लहरी बऱ्याचशा आरपार जाऊ देतात. अलादीन लाइट नावाचा फुकट आकाश-नकाशा ब्राउझरमधे उघडतो, त्यात एम ४२ किंवा एम १६ असं नाव टाकायचं आणि वरचा थर बदलायचा, आधी डीएसएस म्हणजे साध्या प्रकाशातला, मग टूमास म्हणजे जवळच्या इन्फ्रारेडमधला. एकाच जागी थांबून दोन थर आलटून पालटून बघा. काळ्या पट्टीत जिथं काहीच नव्हतं तिथं लालसर ठिपके उगवतात. पण सावध, प्रत्येक लाल ठिपका बाळ नाही, मागे लांबवर असलेला म्हातारा ताराही धुळीतून बघितला की लाल दिसतो, मावळत्या सूर्यासारखा. ठिपका एकटाच असेल तर सोडा, घोळका असेल किंवा शेजारी धार, धुरकट कोन असं काही असेल तर धरा. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या ऑक्टोबर २०२२ च्या स्तंभांच्या फोटोत खांबांच्या कडेला लाव्हासारख्या नागमोडी लाल रेषा आहेत, त्या या कोवळ्या ताऱ्यांच्या धारांनीच उठवलेल्या.

मापाचा अंदाज नसेल तर हे सगळं चित्रच वाटतं, म्हणून एक छोटा हिशोब करायची सवय लावा. फोटोतली लांबी आर्कमिनिटमधे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, घ्या (पूर्ण चंद्र साधारण ३० आर्कमिनिट), अंतराने गुणा, ३४३८ ने भागा, उत्तर प्रकाशवर्षांत. एम ४२ ची रुंदी ६५ आर्कमिनिट, अंतर १,३५० प्रकाशवर्षं, म्हणजे साधारण २५ प्रकाशवर्षं. सूर्यापासून सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, आणि एम १६ चा सगळ्यात उंच खांब एकटाच तेवढा भरतो.

वेळेचंही तसंच. सूर्यासारख्या ताऱ्याला ढग कोसळायला लागल्यापासून आत हायड्रोजन नीट जळायला लागेपर्यंत काही कोटी वर्षं लागतात, भारी ताऱ्यांचं सगळं घाईत, लाखभर वर्षांत पेटतात आणि काही दशलक्ष वर्षांत संपतातही. त्यामुळे नेब्युला पेटलेला दिसतोय याचाच अर्थ दिवा तरुण आहे. ट्रॅपिझियमचा गुच्छ दहा-वीस लाख वर्षांचा. आणि हे दिवे एकीकडे ढग उडवून लावतायत, एकूण मालातला थोडासाच टक्के माल ताऱ्यांत जातो, बाकीचा वाया.

रात्री डोळ्यांनी बघायचं असेल तर डिसेंबर ते मार्च, अंधाऱ्या जागी. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की राजन्याच्या (मृगातला तेजस्वी निळसर तारा, रायजेल) बाजूला तीन बारीक ठिपक्यांची ओळ दिसते, मधला ठिपका धूसर, तोच एम ४२. मोबाइल खिशात ठेवा, वीस-तीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि सरळ न बघता जरा बाजूला बघा. लाल रंग दिसणार नाही, अंधारात डोळ्याला लाल कळतच नाही, दिसला तर राखाडी-हिरवा, तो ऑक्सिजनचा. ज्याने फक्त फोटो बघितलेत त्याची इथं हमखास निराशा होते, आधीच सांगून ठेवतो. लहान दुर्बिणीत मात्र ट्रॅपिझियमचे चार तारे सुटे होतात आणि त्यांच्या जवळ येऊन घुसलेली काळी पाचर दिसते, तिला माशाचं तोंड म्हणतात.

त्या चार ताऱ्यांपासून वायव्येला फक्त एक आर्कमिनिट सरका. दिसणार काही नाही, नुसता उजळ गॅस. त्याच्या मागे, धुळीत, १९६७ साली बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांनी इन्फ्रारेडमधे एक जळजळीत ठिपका पकडला, आणि त्याच्या शेजारी भारी तारे आत्ता बनतायत असा अख्खा घोळका निघाला, त्यात तर सुमारे ५०० वर्षांपूर्वी काही तारे एकमेकांना धडकून विस्कटल्याच्या खुणा आहेत. नेब्युला हा त्या अवाढव्य काळ्या ढगाच्या पुढच्या तोंडावर आलेला एक फोड आहे फक्त. माझ्या पोस्टरवर ते अंतर मोजलं, बरोबर एक बोट.